वाऱ्याचं जमतं, पाण्याचं का जमत नाही? (शेजारी देश आणि आपत्ती)

ओढ्याकाठी

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

परवा श्रीवर्धनला साडूंकडे गेलो होतो. 'निसर्ग' वादळात (३ जून २०२०) आडव्या झालेल्या सुपारीच्या जागी लावलेली रोपं आता कुठे छातीला लागलीत. बोलता बोलता मी म्हटलं, की हे 'निसर्ग' नाव बांगलादेशानं सुचवलेलं. साडू म्हणाले, "आमची वाडी झोपवायला ढाक्याहून नाव मागवलं होय?" हसलो, पण परतीच्या एसटीत डोक्यात तेच घोळत राहिलं.

आपल्या भागातल्या चक्रीवादळांसाठी शेजारी देशांचा एक गट १९७२ पासून चालू आहे. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, म्यानमार, श्रीलंका, मालदीव, थायलंड, ओमान हे जुने आठ. २०१८ मध्ये इराण, सौदी, कतार, अमिराती आणि येमेन आले. यातलं कोण कोणाचं तोंड बघत नाही याची यादी तुम्हीच करा. तरी २०२० साली या तेरा जणांनी प्रत्येकी तेरा अशी १६९ नावं विनातक्रार ठरवली. 'गुलाब' पाकिस्तानचं, 'तौक्ते' म्यानमारचं. वादळावर नजर ठेवून सगळ्यांना इशारे पाठवायचं काम दिल्लीच्या आपल्या हवामान खात्याकडे आहे. जून २०२३ मध्ये 'बिपरजॉय' कच्छकडे वळलं तेव्हा हे इशारे गांधीनगरला जात होते तसेच कराचीलाही. गुजरात आणि सिंध मिळून दीड लाखांहून जास्त माणसं वेळेत हलवली गेली.

आता दुसरं चित्र. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो, त्यामुळे देवदर्शनाला गेलो तरी आधी धरण बघतो (सौ.ची कायमची तक्रार). असाच एकदा नेपाळ-बिहार सीमेवरच्या कोसी बराजवर (नदीवरचा दारांचा बंधारा) गेलो होतो. ५६ दारं. जमीन नेपाळची, १९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर भारताकडे. दारं चालवणार बिहारचे अभियंते. वरून जाणारा रस्ता नेपाळचा पूर्व-पश्चिम महामार्ग. बराजच्या वर नेपाळात जे तटबंध आहेत त्यांची डागडुजीही १९५४ च्या करारानुसार भारतानं करायची.

१८ ऑगस्ट २००८ रोजी बराजच्या वर बारा-तेरा किलोमीटरवर कुसहा इथे पूर्वेचा तटबंध फुटला. त्या दिवशी नदीला पाणी किती होतं? सुमारे १.४४ लाख क्युसेक (सेकंदाला घनफूट). तटबंधाची क्षमता साडेनऊ लाखांची! म्हणजे एक षष्ठांशसुद्धा नाही. महापूर नव्हताच तो. बांध आधीच कुरतडला जात होता, दोन्हीकडच्यांना दिसत होता. बिहार म्हणे, नेपाळातले लोक काम करू देत नाहीत. नेपाळ म्हणे, करारानं काम तुमचं, तुम्ही वेळेत आलात कुठे? नदी शंभराहून जास्त किलोमीटर पूर्वेला आपल्या जुन्या पात्रात जाऊन बसली. सुपौल, मधेपुरा, अररिया, सहरसा, पूर्णिया. तीस लाखांहून जास्त माणसं पाण्यात. आधी नेपाळातली गावं बुडाली ती वेगळीच.

तर माझा प्रश्न एवढाच आहे, की इराण-सौदीला वाऱ्यावर एकत्र बसता येतं, मग जिथे सीमेवर साधा पासपोर्ट लागत नाही त्या भारत-नेपाळला एका बांधाची डागडुजी का जमू नये?

मला सुचलेलं उत्तर असं. वारा कोणी सोडत नाही, कोणी अडवत नाही. इशारा दिल्यानं कोणाच्या मालकीचं काही जात नाही आणि वादळ आलं म्हणून कोणी हवामान खात्यावर दावा लावत नाही. पाण्याला मात्र दार असतं. दार म्हटलं की किल्ली कोणाकडे हा प्रश्न आलाच, आणि पाण्याचा आकडा म्हणजे उद्याच्या भांडणातला पुरावा. म्हणून आकडा द्यायला हात आखडतो.

चुकत असेन तर सांगा.

काथ्याकूट

वाखूसा (वाचनखूण साठवली). सवडीनं लिहितो.

सांगलीकर

काका, नेपाळपर्यंत कशाला जाता? आमच्याकडे या. एकच देश, एकच नदी, दोन राज्यं. ऑगस्ट २०१९ ला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. आमच्या दुकानात पहिला मजला संपूर्ण पाण्याखाली, वरच्या मजल्यावर आम्ही आणि शेजाऱ्यांची म्हैस (हो, जिन्यावरून चढवली, उतरवायला चार दिवसांनी बारा माणसं लागली). तेव्हापासून गल्लीतल्या प्रत्येकाला खालच्या अंगाच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पातळी पाठ आहे. ५१९.६० मीटर. कर्नाटकाला ती ५२४ च्या वर न्यायची आहे म्हटलं की इथे चहाच्या टपरीवर मारामारी व्हायची वेळ येते.

ओढ्याकाठी

@सांगलीकर, म्हशीला साष्टांग दंडवत.

पण तुम्ही दुखरी नस पकडलीत. पूर ओसरल्यावर नेमलेल्या वडनेरे समितीनं २०१९ च्या पुराचं खापर अलमट्टीच्या फुगवट्यावर फोडलं नव्हतं. पाणलोटात थोड्या दिवसांत कोसळलेला प्रचंड पाऊस आणि पूररेषेतली अतिक्रमणं यांवर बोट ठेवलं होतं. किती जणांना पटलं?

सांगलीकर

आमच्या गल्लीत एकालाही नाही. मलाही अर्धंच पटलंय.

तिरकस

धागा चांगला आहे पण गोड गोड वाटतोय. शेजारधर्म वगैरे काही नसतं, सगळी जाहिरात असते. मदतीच्या खोक्यावर झेंडा आधी चिकटवतात, आत काय भरायचं ते नंतर ठरतं. २००५ च्या ऑक्टोबरात पाकव्याप्त काश्मिरात भूकंप झाला, सत्तर हजारांवर माणसं गेली. भारतानं हेलिकॉप्टर देऊ केली. पाकिस्तान म्हणाला, हेलिकॉप्टर द्या, वैमानिक आमचे. भारत म्हणाला, वैमानिकासकट घ्या नाहीतर राहू द्या. हेलिकॉप्टर गेलीच नाहीत. ढिगाऱ्याखालच्याला काय फरक पडतो कोण चालवतंय याचा?

दर्यावर्दी_७०

@तिरकस, अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच भूकंपानंतर नोव्हेंबरात नियंत्रण रेषेवर पाच ठिकाणी वाट उघडली होती. आणि २००१ ला भूजचा भूकंप झाला तेव्हा पाकिस्तानातून तंबू आणि ब्लँकेटं घेऊन विमान आलं होतं, कारगिलला दोन वर्षंही झाली नव्हती. थोडं होतं, पण होतं.

मी मर्चंट नेव्हीत तीस वर्षं काढली. ओढ्याकाठींच्या मुद्द्याला समुद्रावरून एक पुरावा जोडतो. समुद्राचे शोध आणि बचावासाठी भाग वाटून दिलेले असतात. या रेषेपर्यंत मुंबईचं केंद्र बघणार, पलीकडे कराचीचं. डिसेंबर २०२४ मध्ये पोरबंदरहून इराणच्या बंदर अब्बासला निघालेलं 'अल पिरानपीर' हे गलबत बुडालं, ते कराचीच्या हद्दीत. मुंबई केंद्रानं कराचीला कळवलं, आपलं तटरक्षक जहाज गेलं, पाकिस्तानी यंत्रणेनं आपलं विमान आणि त्या भागातली व्यापारी जहाजं कामाला लावली. छोट्या होडीत जीव मुठीत धरून बसलेले बाराच्या बारा खलाशी जिवंत सापडले, सगळे भारतीय. दिल्ली-इस्लामाबादचं तेव्हा काय चाललं होतं ते आठवा. पण दोन्ही तटरक्षक दलांत २००५ पासून करार आहे आणि फोन उचलणारा ड्यूटी ऑफिसर राजदूताला विचारत बसत नाही.

'ओखी'च्या वेळी (२०१७) मी सुट्टीवर देवगडलाच होतो. केरळ-तामिळनाडूच्या ६८ बोटी भरकटत आमच्या किनाऱ्याला लागल्या, साडेनऊशेच्या वर माणसं. भाषा कळेना. आमच्याकडच्या बायकांनी पेज आणि सुकट वाढली, ते ताटं पुसून खात होते. तो देशाअंतर्गतच मामला, पण सांगायचं एवढंच की दर्यावर आधी माणूस वर घेतात, गाव मागाहून विचारतात.

रानजाई

दर्याकाका, प्रतिसाद फार आवडला.

मी परिचारिका आहे. २०१५ ला नेपाळच्या भूकंपानंतर पुण्यातल्या काही डॉक्टरांच्या तुकडीबरोबर गेले होते, म्हणून तिकडचं लिहिते. २५ एप्रिल, शनिवार, दुपारी बाराला थोडी मिनिटं कमी. शनिवार म्हणजे नेपाळची सुट्टी, शाळा बंद, त्यामुळे किती पोरं वाचली याची मोजदाद नाही. भारताचं पहिलं विमान त्याच संध्याकाळी काठमांडूत उतरलं. 'ऑपरेशन मैत्री'. याबद्दल तिथल्या लोकांकडून मी कौतुकच ऐकलं.

अडचण पुढे झाली. काठमांडूच्या विमानतळाला धावपट्टी एकच. जगभरातून विमानं आली, वर घिरट्या घालून परत गेली. आठवड्याभरात धावपट्टी खचायला लागली, मग मोठ्या विमानांना बंदी. आमचं तिकीट दोनदा रद्द झाल्यावर आम्ही रक्सौलहून रस्त्यानं निघालो.

रक्सौल-वीरगंज नाक्यावर जे पाहिलं ते विसरणार नाही. ट्रकच्या ट्रक. सरकारनं ताडपत्री आणि तंबू करमुक्त केले होते, बाकीच्या मालाची तपासणी चालू. आमच्याजवळ औषधांची एकवीस खोकी. यादी मागितली, ती इंग्रजीत होती, चालेल म्हणाले. मग मूळ बिलं मागितली. देणगीच्या औषधांची बिलं कुठून आणणार? पूर्ण दिवस आणि रात्र गेली. तिथल्या कारकुनाला मी दोष देत नाही, तो आम्हाला चहा पाजत होता आणि म्हणत होता, "दिदी, माथिबाट आदेश आएको छैन." वरून हुकूम नाही.

आता ऐका. सार्कच्या (दक्षिण आशियातल्या आठ देशांची संघटना) देशांनी नेमक्या याच गोष्टीसाठी, म्हणजे आपत्तीत माणसं आणि माल झटकन आत यावा, जकात-परवान्यात अडकू नये, यासाठी करार केला होता. २०११ साली मालदीवमध्ये सह्या झाल्या. तो लागू कधी झाला? सप्टेंबर २०१६ मध्ये. आठही देशांनी मान्यता द्यायला पाच वर्षं लावली. भूकंप मधल्या काळात होऊन गेला. मी हे नंतर वाचलं तेव्हा ती वीरगंजची रात्र आठवून रडू आलं, खरंच.

सिंधुपाल्चोकच्या चौतारा गावात पोचलो. सगळ्यात जास्त माणसं त्या जिल्ह्यात गेली होती. मैदानात कपड्यांचा ढीग पडला होता, साड्या, सूट, एक शेरवानीसुद्धा. लोकांना हव्या होत्या कुदळी आणि पत्रे. पावसाळा महिन्यावर आलेला.

काथ्याकूट

शेरवानी!! पाठवणाऱ्याला साक्षात दंडवत.

तिरकस

@रानजाई, तुमच्या कामाबद्दल आदर आहे. पण तुम्ही सोयीचं सांगताय. तेव्हा नेपाळी लोकांनीच ट्विटरवर भारतीय माध्यमांना 'घरी जा' म्हणून मोहीम चालवली होती. ढिगाऱ्याखालून काढलेल्या बाईला "आपको कैसा लग रहा है" विचारणारे आपलेच. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात सीमेवर नाकेबंदी झाली, इंधन बंद, औषधं बंद. भारत म्हणतो आम्ही केली नाही, नेपाळी म्हणतात तुम्हीच केली. एप्रिलमध्ये मैत्री, सप्टेंबरात हे.

रानजाई

मला अमान्य नाही. चौतारातल्या ज्या शिक्षकाच्या अंगणात आमचा दवाखाना होता त्यांचा हिवाळ्यात फोन आला होता. गॅस नाही, चुलीवर चाललंय म्हणाले. मला काय बोलावं कळेना. तुमचे डॉक्टर कसे आहेत, एवढं विचारून ठेवला त्यांनी.

अवलिया काका

सार्क म्हणजे आमच्या सोसायटीची वार्षिक सभा. कोरम नाही म्हणून तहकूब.

ओढ्याकाठी

काका, सोसायटीची निदान तासाभरानं भरते. सार्कची शेवटची शिखर परिषद काठमांडूला नोव्हेंबर २०१४ मध्ये झाली, पुढची इस्लामाबादला २०१६ ची होती ती झालीच नाही. म्हणजे रानजाईताई म्हणतात तो करार लागू झाला आणि त्याच महिन्यात उरीचा हल्ला होऊन टेबलच उलटलं. सार्कचं आपत्ती केंद्र दिल्लीत होतं ते गांधीनगरला हललं. पण वरचे बोलेनात तर खालच्यांनी काय करायचं? भारत मग बिमस्टेककडे (बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांचा गट) वळला, त्यात पाकिस्तान नाही. २०१७ ला दिल्लीत आणि २०२० ला ओडिशात त्या देशांच्या बचावपथकांचा एकत्र सराव झाला. सरावाला मी कमी लेखत नाही. एकमेकांचे दोर, करवती, वायरलेस जुळतात का हे आधीच कळलेलं बरं.

पुष्करिणी

जकार्ताहून नमस्कार! इथे मी आठ वर्षं आहे, नवऱ्याच्या नोकरीमुळे. सार्कची तुलना आसियानशी (आग्नेय आशियातल्या देशांची संघटना) केल्याशिवाय राहवत नाही.

आसियानलाही शहाणपण सहज आलं नाही. २ मे २००८ ला 'नर्गिस' म्यानमारच्या इरावतीच्या मुखावर धडकलं. दिल्लीनं आधी इशारे दिलेले होते. दर्याकाका, ओढ्याकाठी, तुमच्या "वाऱ्याचं जमतं" या वाक्याला इथे ठेच लागते बघा. इशारा पोचला, पण माणसांपर्यंत गेला नाही. १ लाख ३८ हजारांच्या आसपास मेले किंवा बेपत्ता झाले. आणि वर लष्करी राजवट परदेशी मदतीला व्हिसा देईना. जहाजं किनाऱ्याबाहेर उभी, आत माणसं मरताहेत. तेव्हा आसियाननं मध्यस्थी केली: मदत आमच्यामार्फत येईल, मग तर चालेल? म्यानमार, आसियान आणि संयुक्त राष्ट्रं असा तिघांचा गट बसला आणि वाट उघडली.

आसियानचा आपत्ती करार २००५ चा, सुनामीनंतरच्या वर्षातला. तो २००९ च्या शेवटी लागू झाला आणि २०११ मध्ये इथे जकार्तात त्यांचं समन्वय केंद्र सुरू झालं. त्यांची गोदामं आहेत, मलेशियात सुबांगला, मग थायलंड आणि फिलिपिन्समध्ये. तंबू, जनरेटर, होड्या आधीच भरून ठेवलेल्या. रानजाईताईंच्या कुदळी आणि पत्रे कुठूनतरी गोळा करत बसावं लागत नाही.

यांच्यातही भांडणं आहेत हो. पण एकमेकांच्या घरात नाक खुपसायचं नाही हा त्यांचा नियमच आहे, त्यामुळे मदत "तुझ्या घरात येतो" अशी येत नाही, "आपलं केंद्र येतंय" अशी येते. आपल्याकडे एक देश एवढा मोठा आहे की तो आला की बाकीच्यांना दबल्यासारखं होतं. हे आपल्याला आवडणार नाही, पण ढाका किंवा काठमांडूच्या माणसाशी बोलून बघा.

दर्यावर्दी_७०

पुष्करिणीताई, ठेच मान्य. इशाऱ्यातून किनाऱ्यावर माणसं हलवायला माणसंच लागतात. बांगलादेश बघा. १९७० च्या भोला वादळात तीन लाखांहून जास्त गेले. त्यानंतर त्यांनी रेड क्रॉसबरोबर गावोगाव स्वयंसेवक उभे केले. भोंगा घेऊन सायकलवर फिरतात, झेंडे चढवतात. १९९१ ला तरी लाखाच्या वर गेले. २००७ च्या 'सिद्र'ला साडेतीन हजारांच्या आत. ओडिशानं १९९९ नंतर हेच केलं. यात ढाका भुवनेश्वरकडून शिकलं की उलट, यावर वाद घालता येईल. मी म्हणेन भुवनेश्वर उशिरा शिकलं.

काथ्याकूट

सवड झाली. ओढ्याकाठींचा सिद्धांत मला पटतो, फक्त त्यात एक बदल सुचवतो. पाण्याचंही जमतं, पण ते पाणी कोणाच्या दारातून आलेलं नसेल तेव्हा.

ऑगस्ट २०१४. नेपाळात जुरे इथे डोंगर खचून सुनकोसी अडली, दीडशेवर माणसं गाडली गेली, मागे तळं साचलं. ते फुटलं असतं तर कोसीतून बिहारवर आलं असतं. नेपाळच्या सैन्यानं छोटे स्फोट करून पाण्याला वाट दिली, बिहारनं कोसीकाठची गावं रिकामी केली, दोन्हीकडे माहितीची देवाणघेवाण झाली. ना आरोप, ना निषेध खलिते. का? कारण डोंगर कोणी पाडला नव्हता.

आता ऑगस्ट २०२४. बांगलादेशात फेनीला पूर. लगेच बोंब, त्रिपुराच्या डंबूर धरणाची दारं भारतानं मुद्दाम उघडली. भारतानं खुलासा केला की धरण सीमेपासून शंभराहून जास्त किलोमीटर आत आहे, पाऊसच प्रचंड होता. आणि त्याच खुलाशात एक वाक्य होतं ते मला फार बोलकं वाटलं. २१ तारखेच्या दुपारी तीनपर्यंत पातळीचे आकडे बांगलादेशला दिले, संध्याकाळी सहाला पुरानं वीज गेली आणि संपर्क तुटला. ज्या पुराचा आकडा द्यायचा त्याच पुरानं आकडा देणारी तार तोडली. मग त्या अंधाराच्या तासांत अफवा शिरणारच.

सांगलीकर

काथ्याकूट, हे आमच्याकडे रोज होतं. पावसाळ्यात विसर्गाचे आकडे तासातासाला व्हॉट्सअपवर येतात. ज्या दिवशी दोन तास उशीर झाला त्या दिवशी "कर्नाटकानं दारं बंद केली" हा मेसेज आधी येतो, आकडा मागून. २०१९ नंतर दोन्हीकडच्या साहेबांचं एकमेकांशी बोलणं वाढलंय हे खरं. आकडा वेळेत आला की गल्ली शांत असते.

तिरकस

आणि चीन? ब्रह्मपुत्रेचे पावसाळ्यातले आकडे देण्याचा करार २००२ चा. २०१७ ला डोकलामला भारत-चीनचं सैन्य समोरासमोर आलं आणि त्या पावसाळ्यात आकडे आले नाहीत. कारण दिलं, की मोजणी केंद्रं दुरुस्तीत आहेत. जुलै २०२५ मध्ये रसुवागढीला भोटेकोसीनं नेपाळ-चीनमधला मैत्री पूलच वाहून नेला. वर तिबेटात हिमनदीवरचं तळं रिकामं झालं होतं, पण पूर येतोय हे खाली कोणी कळवलं नाही. म्हणजे ज्याच्याकडे उंची त्याच्याकडे सत्ता. तुमच्या धाग्याचं उत्तर हेच.

दर्यावर्दी_७०

तिरकस, तुमचं हे मात्र पटलं. नोंद करून ठेवा, पहिल्यांदाच.

काथ्याकूट

त्यात एक अपवाद मात्र मांडावाच लागेल. पहलगामच्या हल्ल्यानंतर भारतानं पाकिस्तानबरोबरचा सिंधू पाणीवाटप करार स्थगित ठेवला. आकडे द्यायचं बंधन संपलं. तरी ऑगस्ट २०२५ मध्ये जम्मूतल्या तावी नदीला पूर आला तेव्हा भारतानं इस्लामाबादच्या आपल्या उच्चायुक्तालयामार्फत पाकिस्तानला इशारा दिला, माणुसकी म्हणून. मला हे चांगलं वाटलं आणि थोडं भीतिदायकही. करारातला आकडा ठरल्या वेळी येतो. माणुसकीचा आकडा देणाऱ्याच्या मनात आलं तर.

रानजाई

शेवटच्या दोन वाक्यांशी सहमत. नाक्यावरचा तो कारकून माणुसकीत कमी नव्हता हो. त्याच्याकडे कागद नव्हता.

अवलिया काका

ओढ्याकाठी, कोसीचा तो तटबंध आता कसा आहे? आणि तुम्ही तिकडे गेलात तर फोटो टाका की. नुसते आकडे वाचून म्हाताऱ्याचे डोळे दुखले.

ओढ्याकाठी

काका, कुसहाची फट जानेवारी २००९ मध्ये बुजवली. सप्टेंबर २०२४ च्या शेवटी बराजवर ६.६१ लाख क्युसेक पाणी आलं, १९६८ नंतरचं सगळ्यात जास्त. ५६ ची ५६ दारं उघडी. बिहारात खाली काही ठिकाणी बांध फुटले, हाल झाले. पण कुसहा टिकलं. २००८ च्या चौपटीहून जास्त पाणी होतं आणि टिकलं, कारण आधी वर्षानुवर्षं तिथे दगड-जाळ्यांचं काम नियमित झालं होतं. आमच्या धंद्यात याला कोणी टाळ्या वाजवत नाही.

फोटो नाहीत. बराजच्या मधोमध मोबाईल काढला तर नेपाळी जवानानं शिट्टी मारली. बरोबरचा बिहारी अभियंता म्हणाला, "छोड़िए सर, मैं भी नहीं खींच सकता." तो तिथे सहा वर्षं नोकरीला होता.